आत्याने काढलेला चेहरा

मुलांनो, तुम्ही पाठवलेल्या कार्डावर एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन चित्रकाराने काढलेलं स्वतःचंच चित्र आहे, ते पाहून हे आजच लिहावंसं वाटलं. सोलापुरात शाळेत असताना त्याच चित्रकाराचं पुस्तक मी घरी आणलं होतं. तरुणपणापासून पांढऱ्या दाढीपर्यंत त्याने आपलाच चेहरा पुन्हा पुन्हा रंगवला होता. "आरशात बघूनच काढलं असेल की?" माझ्या विधवा आत्याने विचारलं, आणि मग हळूच म्हणाली, "मलाही आण की आरसा." आमच्या घरात विधवेने आरशात पाहायचं नसे, आणि आजोबांना कळलं असतं तर माझी शाळाच बंद झाली असती. तरी दुपारी मी आईची आरशाची फणेरपेटी माजघरात नेली. आत्याने केशवपन केलेल्या डोक्यावरचा पदर मागे सारला, बराच वेळ नुसतं पाहिलं आणि मग माझी पेन्सिल उचलली. मी दाराशी पहाऱ्याला होते. तेवढ्यात ओसरीवर आजोबांची काठी वाजली. "काय चाललंय गं आत?" पेटी शोधत आलेली आई आत डोकावली, क्षणभर थबकली, "वन्सं, लवकर आटपा," असं कुजबुजली आणि ओसरीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "मामंजी, तिथंच बसा, चहा आणते." आत्याचा फोटो कधीच निघाला नाही. ते चित्र माझ्याकडे आहे. त्यात डावा कान काढायचा राहिला आहे.