दुप्पट साबण

बहात्तरच्या दुष्काळात मी पाथर्डीकडच्या एका लहानशा दवाखान्यात कंपाउंडर होतो. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांत खरूज नुसती माजली होती. प्यायला पाणी नाही, तिथं आंघोळ कसली! खरजेचं पांढरं औषध मीच बनवायचो. मूळ औषध तेलकट, पाण्यात मिसळायचं नाव घेत नाही. त्यात साबण विरघळवून घुसळलं की दुधासारखं एकजीव व्हायचं.

विहीर आटली आणि टँकरचं पाणी सुरू झालं. ते इतकं जड, की डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. औषध फाटायचं, वर तेल, खाली पाणी. डॉक्टर आठवड्यातून एकदा नगरहून यायचे, विचारणार कुणाला? मी आपला साबण दुप्पट केला. काय झकास जमलं! मी स्वतःवरच खूश. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

दोन दिवसांनी खडीवरची एक बाई तिच्या लहान पोरीला घेऊन आली. पोरीचं अंग लालभडक, बोटांच्या बेचक्यांत सालटं निघालेली, रडून रडून आवाज बसलेला. औषध तेच, माप तेच. बदलला होता तो साबण. जादा साबणानं कातडी सोलवटते आणि औषध भराभर आत शिरतं, हे डॉक्टरांनी पुढं समजावलं.

"अगं, एवढी आग होत होती तर धुवून का नाही टाकलंस?" मी उलट तिच्यावरच खेकसलो.

"तुमीच म्हनला हुता, दोन दिस धुवायचं न्हाई. आन् धुवायला पानी कुठं हाय, दादा?"

मी माठातलं पाणी पोरीच्या अंगावर ओतलं. तेही तेच जड पाणी. साबण सुटेना, उलट चिकट थर बसला आणि पोर आणखी कळवळली. मग खोबरेल लावलं. त्यापुढं करण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. मला रडू यायचंच बाकी होतं.

बाई मान खाली घालून म्हणाली, "माजंच चुकलं का वं? खडीनं हात खरबरीत झाल्यात. लई जोरात चोळलं आसंल मी."

'नाही बाई, चूक माझी,' एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. दारात रांग उभी होती, सगळे ऐकत होते.

मी म्हणालो, "पुढच्या वेळी हळू लाव."

"व्हय," ती म्हणाली.