बारीक शेपटीची जात

सरांविषयी चार चांगले शब्द बोलायला मला आजही जमत नाही. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विषय पॉलिकीट, म्हणजे अंगाच्या दोन्ही कडांना राठ केस असलेले समुद्री किडे. पाचूबंदरच्या चिखलात गुडघाभर उतरून मी ते गोळा करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची वलयं आणि केस मोजायचे. सर पंख्याखाली बसून नावं ठेवायचे. किड्यांना आणि मलाही.

एक किडा वेगळा निघाला. शेवटची वीसेक वलयं एकदम बारीक, फिकट. "नवी जात!" सर म्हणाले. माझ्या मनात पाल चुकचुकली. पाचूबंदरची एक कोळीण हेच किडे गळाला लावायची, तिला विचारलं. ती हसलीच.

"मागचा तुकरा गलाला लावायचा, डोक्याचा चिखलान सोरायचा. शेपूट परत येतं त्याला, पन बारीक."

मी सरांना सांगितलं. "आता मासेवाल्या आम्हाला वर्गीकरण शिकवणार?" एवढंच म्हणाले.

माझ्या प्रबंधावर त्यांची सही हवी होती, तरी मी हट्टाला पेटले. नेहमीच्या जातीचा एक साधा किडा माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणला, त्याचं शेपूट ब्लेडने कापलं आणि त्याला खाऱ्या चिखलाच्या बादलीत ठेवलं. वासाने आई माझ्याशी बोलेनाशी झाली. दीड महिन्यात त्याला शेपूट आलं. बारीक, फिकट, हुबेहूब सरांच्या नव्या जातीसारखं.

किडा डबीत घालून मी विभागात गेले. काय केलं ते सगळं सांगितलं. सर सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिले. त्यांना कळलं होतं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यांनी चिमट्याने किडा उचलला आणि फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला.

"बरं झालं आणलास. एकाच नमुन्यावर नवी जात म्हटलं की लोक शंका काढतात. आता दोन झाले."

त्यांनी कोरं लेबल माझ्याकडे सरकवलं. "तुझं अक्षर चांगलं आहे. पाचूबंदरला सापडला असं लिही. आणि प्रबंध उद्या घेऊन ये, सही करतो."

बाटलीत किडा अजून वळवळत होता. त्या माणसाच्या तोंडावर लेबल फेकावं असं वाटलं. पण मी पेन्सिल घेतली आणि एकही खाडाखोड न करता नवं नाव लिहिलं.