ब्रह्मचारी एडवर्डचा मुलगा

चहा घ्या, गार होतोय. आणि आधीच सांगून ठेवते, मी जे केलं ते कुठल्याही शहाण्या मराठी माणसाने केलं असतं. आधी ऐका, मग काय हसायचं ते हसा.

क्लेमेंटीला, म्हणजे परदेशात आम्ही राहतो तिथे, आमच्या ब्लॉकमध्ये मार्गारेट आंटी राहतात. मूळच्या इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या. त्यांचे काका, थॉमस, नव्वदीचे होणार होते. त्यांना घराण्याची वंशावळ भेट द्यायची, असं आंटींच्या मनात. गावच्या चर्चने जुन्या दफनांची यादी ऑनलाइन टाकलेली. नाव, वय, तारीख, बस्स. कोण कुणाचा, याचा पत्ता नाही.

"द्या इकडे," मी म्हटलं. मी दिवसभर लॅबमध्ये डेटा तपासते. कागद कसा वाचायचा ते मला कुणी शिकवू नये.

दोन रविवारांत वंशावळ तयार! काकांचं नाव थॉमस एडवर्ड, म्हणजे एडवर्डचा मुलगा. एडवर्ड जॉर्ज, म्हणजे जॉर्जचा. कसं फटाफट जुळत गेलं म्हणून सांगू! बायकांपाशी जरा अडलं. मेरी अ‍ॅन, सारा जेन. बापाच्या जागी आईचं नाव? काय सुधारलेलं गाव! नवऱ्याला मी त्यावर तासभर भाषण दिलं. एक हेन्री तेवढा उरला. त्याचं नाव कुणाच्याच नावापुढे नाही, म्हणून त्याला निपुत्रिक ठरवून कोपऱ्यात बसवला.

वाढदिवसाला आंटींच्या घरून काकांना व्हिडिओ कॉल लावला. मी ऐटीत फ्रेम कॅमेऱ्यासमोर धरली. आंटीही पहिल्यांदाच बघत होत्या. म्हाताऱ्याने चष्मा पुसला.

"माझे वडील हेन्री," ते म्हणाले. "एडवर्ड माझा काका. जन्मभर ब्रह्मचारी."

आता गप्प बसावं की नाही? पण मी कसली बसते!

"आजोबा, खेड्यात अशा गोष्टी लपवतात. कागद खोटं बोलत नाही."

नवऱ्याने चिमटा काढला. मुलगी तिच्या शाळेतल्या इंग्रजीत कानात म्हणाली, "ममी, स्टॉप लाह." म्हाताऱ्याचा चेहरा पडला.

"माझ्या आईबद्दल बोलतेयस तू," ते हळूच म्हणाले. "हे ठरवलंस कशावरून?"

पण मी माघार घेईन तर शपथ. "मधल्या नावावरून. मधलं नाव बापाचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल."

"तुझं पूर्ण नाव काय?"

"सुजाता सचिन कांबळे."

"म्हणजे सचिन तुझे वडील?"

सचिन शेजारीच उभा होता, तोंडात केक.

तिकडे म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. मी सॉरी म्हटलं, पण फक्त त्यांच्या आईबद्दल. पुढचे तीन रविवार बसून हेन्रीला त्याचा मुलगा परत दिला.

तरी आजही म्हणते, पद्धत आमचीच चांगली. परवा हेच सचिनला ठणकावून सांगत होते.

तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "मग बापाचं कधीतरी ऐकत जा."