थकवा किती हंडे?

केमो संपून वर्ष झालं होतं, तेव्हा दवाखान्यातून फोन आला. तिथल्या एक तरुण डॉक्टर केमोनंतरच्या थकव्याचा अभ्यास करणार होत्या, आणि प्रश्न कसे विचारायचे हे ठरवायला त्यांनी आम्हा पेशंटनाच बोलावलं होतं. मी मराठीची शिक्षिका, नुकतीच निवृत्त झालेली. पर्समध्ये लाल पेन टाकलं आणि औरंगपुऱ्यातून रिक्षा पकडली.

आम्ही पाच-सहा जण होतो. माझ्या शेजारी शेंद्र्याकडच्या एक मावशी, मेंढरं राखणाऱ्या. मी प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या आणि खूश होऊन बसले.

मग डॉक्टरांनी वाचलं, "मागच्या आठवड्यात तुमचा थकवा दहापैकी किती होता?"

"पाच," मी लगेच म्हणाले.

डॉक्टरांनी मावशींना विचारलं, "मावशी, तुमचा?"

"थकव्याला कुठं नंबर आसतोय? हंड्याचं इचारा की. विहिरी आटल्यात, टँकर येतो. सलाईन लागायच्या आधी डोईवर एक अन् कमरंवर एक आणायची. मंग एक बी उचलंना. आता अर्धा आणते. दहापैकी किती झालं, तुम्हीच सांगा."

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आमच्या कॉलनीतही नळाला आठवड्याने पाणी येत होतं, आणि माझ्या बादल्या दुसऱ्या मजल्यावर शेजारीण चढवत होती. पाच हा आकडा मी फक्त बरा दिसतो म्हणून सांगितला होता. तसं मी बोलून टाकलं. मग बाकीचेही खरं सांगू लागले.

डॉक्टरांनी तो प्रश्न खोडला. मावशी नवे प्रश्न सांगत गेल्या, मी लिहीत गेले. 'हंडा उचलंना' ऐवजी मी 'हंडा उचलणे शक्य होत नाही' असं लिहून वाचून दाखवलं.

"बाई, आसं कोण बोलतंय?" मावशी म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसले आणि माझंच वाक्य लाल पेनाने खोडलं.

पुढचे दोन महिने आम्ही दोघी वॉर्डात फिरून ते प्रश्न इतर पेशंटना विचारत होतो. मावशी आधी गाव विचारायच्या, मग मेंढरं, मग हंडा. लोक भरभरून बोलायचे. मला एवढं कधी कुणी सांगितलं नसतं.

शेवटच्या बैठकीत डॉक्टर म्हणाल्या, "थकवा कुणाला किती, हे आता नीट कळलं."

"कळलं ना? मंग त्यावर औषध कवा?"

"त्याचा वेगळा अभ्यास करावा लागेल, मावशी."

"व्हय? मंग त्या अभ्यासाला बी बोलवा. फकस्त सोमवारी नको, सोमवारी माझा बाजार आसतोय."

डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं.