बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

अण्णा मेस्त्रींइतका हट्टी माणूस अख्ख्या घाटकोपरात सापडायचा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. मी प्रेमा, त्यांची शेजारीण. चाळीस वर्षं या टेकडीवरच्या बाळांना तेल लावून न्हाऊ घालतेय. अण्णांच्या लेकीला, दिशालाही मीच न्हाऊ घातलं. तिची आई गेली तेव्हा ती अकरावीत होती. तेव्हापासून अण्णांनी एकच धरून ठेवलं, ‘पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरीच. आई नाय म्हणून काय झाला? मी आसंय ना!’

अंधेरीच्या कारखान्यात लेथ चालवलेला हा माणूस रिटायर होऊन डिंकाचे लाडू वळायला शिकला. लाडू कसले, दगड! पण मागची खोली मात्र त्यांनी झकास रंगवली. टेकडी खोदून काढलेली खोली ती, मागच्या भिंतीला थेट कातळच.

दिशा मुलुंडला राहते, कॉलेजात फिजिक्स शिकवते. सातव्या महिन्यात आली, खोली बघितली आणि म्हणाली, “अण्णा, इथे रेडॉन असू शकतो.”

“तो कोण गं?” मी विचारलं.

तर म्हणे खडकातून, मातीतून वर येणारा गॅस. वास नाही, रंग नाही. उघड्यावर उडून जातो, बंद खोलीत साठतो. वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, विडी ओढणाऱ्याला धोका आणखी जास्त. हे म्हणताना तिने अण्णांच्या खिशाकडे बघितलं. मग डबीएवढं एक मशीन कपाटावर ठेवलं. आठवड्याने आकडा बघायचा, शंभराच्या आत हवा. “नाहीतर मी मुलुंडलाच राहीन. रागावू नका, अण्णा.”

अण्णांचं तोंड एवढंसं झालं. मला बघवेना, म्हणून मीच अक्कल पाजळली. दिशाचं निम्मं बोलणं डोक्यावरून गेलेलं; मला वाटलं, गॅस म्हणजे देवनारच्या डंपिंगवर कचरा जळतो त्या धुरासारखा बाहेरूनच येणार. शिवाय बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरू द्यायचा नाही, हे माझ्या आईने शिकवलेलं. “अण्णा, सगळं बंद करा!” मी म्हटलं. त्यांनी खिडकीला प्लायवूड ठोकलं, फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोणपाट घातलं. आत गेलं की जीव गुदमरायचा.

आठवड्याने दिशा आली. आकडा तीनशे दहा.

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिशा मात्र पोट धरून हसायला लागली. “अहो, सांगितलं होतं ना, तो जमिनीतून येतो! तुम्ही दोघांनी मिळून त्याला कोंडून ठेवलंत!”

“आधी नीट सांगूक काय झाला हुता तुका?” अण्णा ओरडले आणि हातोडा घेऊनच उठले. प्लायवूड उखडलं. लादीतल्या, भिंतीच्या कडेच्या भेगा सिमेंटने बुजवल्या. गल्लीकडची भिंत फोडून दुसरी खिडकी काढली, तेव्हा सगळी आळी धुळीने शिंकत होती. संध्याकाळी विडीचं बंडल माझ्या हातात ठेवलं. “टाकून दे. परत मागितलं तर शिव्या घाल.” तीन वेळा मागितलं, तीन वेळा मनसोक्त घातल्या.

पुढचा आठवडा आम्ही त्या डबीभोवती मांजरासारखे घुटमळलो. शेवटी आकडा विचारायला दिशाचा फोन आला. अण्णांना चष्मा सापडेना, तो कपाळावर होता. मीच वाचलं, “अठ्ठेचाळीस!” मग काय विचारता! अण्णा शिमग्यात नाचावं तसे नाचले, तेही लुंगी सावरत.

आता त्या खोलीत त्यांची नात वीस दिवसांची झालीय. काल बाळाला न्हाऊ घालून मी सवयीने खिडकी लावली, तर बाहेरून आवाज आला, “प्रेमा, उघड ती!”

“उघडते हो, एवढे खेकसताय कशाला!”

अण्णा लाडू घेऊन आत आले. दिशाने कडाकडा चावून एक खाल्ला आणि म्हणाली, “अण्णा, आईच्या हातासारखा झालाय.”

साफ खोटं. आमच्याकडे पाठ करून अण्णा उघड्या खिडकीची कडी कितीतरी वेळ तपासत राहिले. मीही मान खाली घालून बाळाच्या टाळूला तेल घातलं, कारण माझेही डोळे भरून आले होते.