बिनखाड्याचं भूत

मासिक हातात पडलं की तो आधी शेवटचं पान उघडायचा. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक अक्षर लावायचा आणि मग मान वर करून मला विचारायचा, "अण्णा, सुटला न्हाई न्हवं?" गुन्हेगार सुटला नसेल तरच पहिलं पान. सुटला असेल तर मासिक सरळ माझ्या मांडीवर येऊन आदळायचं.

तुम्हा-आम्हाला कुणी रहस्यकथेचा शेवट आधी सांगितला तर आपण त्याच्याशी बोलणं टाकू. हा गडी शेवट पाहिल्याशिवाय सुरुवातच करत नसे. "कोन त्ये ठावं असलं म्हंजे कसा सापडतोय त्ये नीट बगाय येतंय," असं त्याचं म्हणणं.

मी तेव्हा कुळगीच्या लाकडाच्या वखारीवर कारकून होतो. घर खानापुरात, तिथून टपालानं महिन्याला एक मासिक यायचं. तो दिग्गीचा, करवतकाम करणारा. खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवायचा, एकानं वर उभं राहायचं, एकानं खाली खड्ड्यात, आणि दोघांनी मिळून उभी करवत ओढायची, असं ते काम. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. त्याच भुशात बोटानं अक्षरं काढून मी त्याला एका पावसाळ्यात वाचायला शिकवलं. हे कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

भुतांवर त्याचा फार राग. घाबरायचा नाही, चिडायचा. गोष्टीत विहिरीवर रडणारी बाई आली की याचं सुरू. "ह्ये काय भूत म्हनायचं? जेनं मारलं त्यो तिकडं जेवून ढेकर देतोय, आन् ही हितं वाटसराला भ्या घालतीया. कामचुकार मेली!" एकदा म्हणाला, "अण्णा, मी भूत झालो न्हवं, तर येक दिस बी खाडा करनार न्हाई." आम्ही पोट धरधरून हसलो.

हसणाऱ्यांत आमचा मुकादमही होता. अंगानं रेड्यासारखा, पण भुताच्या गोष्टीला टरकायचा आणि तरीही दुपारच्या भाकरीनंतर मी मासिक वाचून दाखवायचो, तेव्हा सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. लाकडाचं त्याला ज्ञान होतं, हे मी नाकारणार नाही. नुसत्या वासावरून झाड सांगायचा. पण दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. एका गोष्टीत सागवानी दार कुरकुरलं, तर हा मधेच ओरडला, "सागाचं दार कुरकुरंल व्हय? लिवनाऱ्याच्या बापानं तरी लाकूड बगितलंय काय!" सगळे हसले. माझ्या शेजारी बसून ओळ लावणारा हा गडी तेवढा हसला नाही. बोट ओळीवर तसंच ठेवून मुकादमाकडे बघत राहिला.

त्याचं कारण त्याचा धाकटा भाऊ. दोघं भाऊ एकाच करवतीवर, हा वर आणि भाऊ खाली. मी वखारीवर आलो त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. हा ओढ्यावर पाणी प्यायला गेला होता, भाऊ खड्ड्यातला भुसा उपसत होता. वरचा ओंडका घरंगळला आणि भाऊ जागच्या जागी गेला. ओंडका हलू नये म्हणून त्याच्या बुडाला लाकडाची पाचर मारतात. ती पाचरच जागेवर नव्हती. मुकादमानं हात झटकले. "मी तिकडं न्हवतोच. पोरानं देवराईत कुऱ्हाड लावली हुती, देवचारानं पाचर वडली."

देवचार म्हणजे त्या रानाचा राखणदार. त्याचं नाव निघाल्यावर कोण तोंड उघडणार? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

त्या भागात रानात, वाटेवर कुणी अवचित मेलं, तर त्या जागी येणारा-जाणारा एक हिरवी डहाळी मोडून ठेवतो. मेलेल्याला तेवढीच सोबत. पण देवचारानं मारलेल्याला डहाळी नाही. या भावांची म्हातारी आई दिग्गीहून चालत यायची, डहाळी ठेवायची आणि ती वळली की लोक काठीनं ती बाजूला सारायचे. माझ्या डोळ्यांदेखत सारायचे. मी कागदात तोंड खुपसून बसायचो. आज लाज वाटते.

आणि मग ती दुपार. नवं मासिक आलं होतं. त्यानं ते माझ्या हातातून घेतलं. "आज मी वाचतो, अण्णा." शेवटचं पान न बघता पहिलंच पान उघडलं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"येका रानात दोगं भाऊ हुते," त्यानं सुरू केलं. मी शेजारून पानात डोकावलो. पानावर कुठल्याशा वकिलाच्या बायकोचा हार हरवला होता! त्याचं बोट त्या हारावरून सरकत होतं आणि तोंडातून खड्डा, करवत, ओंडका असं सगळं निघत होतं. मेलेला भाऊ रोज दुपारी खड्ड्याच्या काठावर बसतो आणि येईल त्याला विचारतो, माझी पाचर कुणी नेली? माणसं चघळायची थांबली. मुकादमाच्या गालातलं पान तसंच राहिलं होतं. उठून जावं तर सगळ्यांच्या नजरेत येणार, म्हणून बसला होता बिचारा. बिचारा कसला!

"मंग त्यो भाऊ म्हनतोय," हा पुढं वाचत होता, "उताराला गाडी हुबी हुती. चाकाखाली द्याला कुनीतरी माझी सागाची पाचर काडली..."

"सागाची?" मुकादम एकदम उसळला. "सागाची पाचर कोन मारतंय? कुटला येडा लिवतोय ह्ये! किंदळाच्या लाकडाची हुती ती, काडताना दोन ठोकं—"

आणि थांबला.

वाचणाऱ्यानं पानावरचं बोट उचललं. "किंदळाची हुती ह्ये मला ठावं हाय, मीच मारली हुती ती. कुनाला सांगितलं न्हाई कंदी. तुला कसं ठावं, मुकादम?"

करवतकाम करणारे सगळे उठले. मला वाटलं, आता इथं मुडदा पडणार. पण त्यानं मासिक मिटलं, माझ्या हातात दिलं आणि शांतपणे म्हणाला, "सुटला न्हाई."

मी म्हणालो, "फौजदाराला कळवू."

"तुरुंग येक दिस सरतोय, अण्णा. मला रोज पायजे."

रोज म्हणजे रोज. मुकादमानं सकाळी कामावर येताना सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं डहाळी मोडायची, खड्ड्यापाशी ठेवायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "देवचारानं न्हाई, मी मारला." ज्या दिवशी हे होणार नाही, त्या दिवशी एकही माणूस करवतीला हात लावणार नव्हता, आणि काम बंद पाडणारा मुकादम ठेकेदारानं ठेवला नसता. पहिल्या दिवशी म्हातारी समोरच झाडाखाली बसली होती. मुकादमाचे शब्द संपले, तशी ती उठली आणि तिनं आपली डहाळी त्याच्या डहाळीवर ठेवली. ती मग कुणी सारली नाही. दुसऱ्या दिवसापासून बाकीचेही ठेवू लागले, मीसुद्धा.

सहा वर्षं हे चाललं. भर पावसात चाललं. एकदा मुकादमाचा पाय सुजला, तर यानं त्याला बैलगाडीत घालून आणवलं. मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "आता सोड की रे त्याला."

"माझ्या भावाला सोडलं हुतं काय त्यानं?" असं म्हणून तो करवतीला कानस लावू लागला. थोड्या वेळानं खाली बघूनच म्हणाला, "आय आता रातची निजती, अण्णा." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

सातव्या वर्षी त्याला हिवतापानं गाठलं. मी नवं मासिक घेऊन दिग्गीला गेलो. त्याला ते हातात धरवेना. मी शेवटचं पान उघडून त्याच्या डोळ्यांसमोर धरलं, पण डोळे अक्षरावर ठरत नव्हते.

"सुटला न्हाई न्हवं?"

"नाही सुटला," मी म्हणालो. खोटं बोललो. त्या गोष्टीतला खुनी आगबोटीत बसून पार निघून गेला होता. दोन दिवसांनी हाही गेला.

त्याला पोचवून आल्यानंतरच्या सकाळी मी वखारीच्या दाराशी बसलो होतो. मुकादम आला. गालात पान, दोन्ही हात रिकामे, मजेत हलवत. खड्ड्याजवळून सरळ पुढं निघाला. करवतकामाची माणसं एकमेकांकडे बघू लागली. बघणारा गेला, आता कोण काय म्हणणार, असाच भाव त्या चालण्यात होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोड म्हणणारा मीच, पण उठलो आणि ओरडलो.

"मुकादम, आज खाडा?"

तो गर्रकन वळला. भुताची गोष्ट ऐकताना व्हायचा तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग वाकला, डहाळी मोडली, खड्ड्यापाशी ठेवली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "मोठ्यानं."