ज्वारीतला दरबार

आई गेली आणि वडिलांनी सोलापूर सोडून पिंपरीत कंपनीची नोकरी धरली. त्यांना बहुतेक रात्रपाळीच असे. माझी शाळा सकाळची. दुपारी ते झोपले की मी घरात पाय न वाजवता वावरायची. कॉलनीतली मुलं माझ्या बोलण्याला हसत, म्हणून खेळायला जाणंही सुटलं होतं.

कॉलनीच्या तारेपलीकडे ज्वारी होती, माझ्या डोक्याच्याही वर गेलेली. एका दुपारी मी तारेखालून सरपटत आत शिरले. आतला उजेड हिरवा होता. पानं सळसळत होती, जणू मी आल्याची बातमी पुढे पोचवत होती. चालत चालत चार खांबांवर बांधलेल्या एका माळ्यापाशी आले. वर एक बाई गोफण घेऊन पाखरं राखत बसली होती.

"कोन हाय गं?"

घाबरून मी म्हटलं, "मी इथली राणी आहे."

ती हसली नाही. खाली उतरली, पदर सारखा करत म्हणाली, "व्हय का? लई उशीर केला, राणीसाहेब. पाखरांनी पार उच्छाद मांडलाय."

मग मी रोज जाऊ लागले. माळ्यावरून दिसणारी कंपन्यांची धुराडी शत्रूचे बुरूज झाली. होला पाखरांची फौज आज रहाटणीकडून आली की थेरगावकडून, याची वर्दी ती गंभीरपणे देई. तिला मूलबाळ नव्हतं, हे मला फार नंतर कळलं.

एकदा वडिलांना अवेळी जाग आली. मी घरात नाही म्हणून हाका मारत ते ज्वारीत शिरले. बाई वरून ओरडली, "दादा, वाकून या! दरबार भरलाय!"

आता मार बसणार, असं मला वाटलं. वडिलांनी वर माझ्याकडे पाहिलं आणि खरंच कमरेतून वाकले. "महाराणी, चहाला घरी येता का?"

बाईने खाली उतरून कणसं भाजली आणि त्यांच्या ओंजळीत गरम हुरडा घातला. बांधावर बसून तो खाताना ते आईबद्दल बोलू लागले. तिला हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी लागायची, म्हणाले. घरात तिचा विषयच निघत नसे. मी त्यांना खेटून बसले.

ज्वारी निघाली. पुढच्या वर्षी तिथे कंपनीच्या शेडचे खांब उभे राहिले. बाई चाकणला भावाकडे गेली, एवढंच कुणीसं सांगितलं. एका शनिवारी वडील मला चाकणच्या बाजारात घेऊन गेले. तिचं नाव आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ते बायकांचे चेहरे बघत होते, मी आवाज ऐकत होते.

"पुढच्या शनिवारी परत येऊ," वडील म्हणाले.

आम्ही गेलो. त्यानंतरही पुष्कळदा गेलो.